कॅन्सरचं महाग इंजेक्शन लागू पडेल का? रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो, काय सांगत नाही

जांब समर्थ हे नाव सगळ्यांना रामदासांचं जन्मगाव म्हणून माहीत आहे. आरोग्याच्या या पानाला त्या गावाचा दुसरा पत्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, ऊस आणि कापसाचा पट्टा. कॅन्सरचा डॉक्टर गाठायचा तर आधी जालना, मग छत्रपती संभाजीनगर, आणि तिथूनही पुढे पाठवलं तर थेट मुंबई. जांबच्या वस्तीतून निघून परळच्या टाटा हॉस्पिटलच्या दारात उभं राहीपर्यंत माणसाची रात्र गेलेली असते, दोघांची मजुरी बुडालेली असते आणि उसनवारी सुरू झालेली असते. तिथे तपासण्या होतात आणि एक दिवस डॉक्टर सांगतात की इम्युनोथेरपी नावाचं इंजेक्शन आहे, पण ते महाग आहे आणि प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही.

घरचा माणूस मग साधा प्रश्न विचारतो. "साहेब, एवढं रक्त काढता, मग त्यातनं आधीच कळत नाही का?"

हा प्रश्न अडाण्याचा आहे असं कुणी समजू नये. न्यूयॉर्कपासून मुंबईपर्यंतचे कॅन्सरचे संशोधक गेली कित्येक वर्षं नेमकं हेच शोधत आहेत. आपल्यासाठी तर हा प्रश्न त्यांच्याहून जास्त निकडीचा आहे. ज्याच्या पगारातून विम्याचा हप्ता जातो त्याचं इंजेक्शन वाया गेलं तर नुकसान विमा कंपनीचं. आपल्याकडे मुकादमाची उचल घेऊन, शेळ्या विकून, बचत गटाचं कर्ज काढून आणलेलं इंजेक्शन वाया गेलं तर माणूसही जातो आणि मागे राहिलेल्या बाईला दोन हंगाम कोयता हातात घेऊन ते फेडावं लागतं. म्हणून या महिन्यात हाच विषय जरा सविस्तर घेतला आहे.

हे इंजेक्शन करतं काय

आधी एक गैरसमज बाजूला काढू. इम्युनोथेरपी म्हणजे "इम्युनिटी वाढवणारी" पावडर नव्हे, काढा नव्हे, बाजारात डब्यात मिळणारं टॉनिकही नव्हे. नावं सारखी वाटतात म्हणून फसवणूक सोपी होते, एवढंच.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशी शरीराची राखण करतात. पिकात शिरलेलं जनावर राखणदार हुसकून लावतो, तशा या पेशी बिघडलेल्या पेशीला ओळखून मारतात. पण राखणदाराने घरच्याच गुरांवर काठी उगारू नये म्हणून निसर्गाने या पेशींवर एक लगामही ठेवला आहे. त्या लगामाचं नाव पीडी-१. कॅन्सरची पेशी लबाड असते. ती आपल्या अंगावर पीडी-एल१ नावाचा पदार्थ उगवते आणि त्या पदार्थाने बरोबर हा लगाम ओढून धरते. राखणदार समोर उभा, चोर समोर उभा, आणि राखणदाराचा हात मात्र उठत नाही.

निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं तो लगाम सोडवतात. ती कॅन्सरला स्वतः मारत नाहीत, आपल्याच पेशींना मोकळं करतात. हे कोडं सोडवणाऱ्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो या दोन शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता अडचण बघा. राखणदारच उपाशी असेल, संख्येने थोडे असतील, किंवा चोराने हा लगाम धरलेलाच नसून दुसरीच युक्ती वापरली असेल, तर लगाम सोडून उपयोग काय? म्हणूनच हे औषध काहींना चांगलं लागू पडतं आणि पुष्कळांना पडत नाही. तोंड आणि घशाच्या ज्या रुग्णांचा कॅन्सर किमो देऊनही वाढला होता, अशा ३६१ जणांवर परदेशात एक मोठा अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निवोलुमॅब घेतलेल्यांपैकी शंभरात साधारण १३ जणांची गाठ लक्षात येण्याइतकी कमी झाली. वर्षभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण त्या गटात शंभरात ३६ होतं, जुनी औषधं घेणाऱ्यांत १७ च्या आसपास. म्हणजे औषध खोटं नाही, फायदा खरा आहे. पण तो कुणाच्या वाट्याला येईल हे आधी सांगता येत नाही. शिवाय मोकळा सुटलेला राखणदार कधीकधी घरच्यांवरही काठी चालवतो. फुप्फुस, आतडं, यकृत, थायरॉइड यांना सूज येऊ शकते.

सध्या डॉक्टर कशावरून ठरवतात

सध्या ठरवतात ते मुख्यतः गाठीच्या तुकड्यावरून, रक्तावरून नव्हे. बायोप्सीत काढलेल्या तुकड्यावर पीडी-एल१ किती आहे ते पाहतात. काही कॅन्सरमध्ये पेशीची जनुकं दुरुस्त करण्याची यंत्रणा मोडलेली असते. ती तपासणीही तुकड्यावर होते, आणि ती मोडलेली निघाली तर इम्युनोथेरपी लागू पडण्याची शक्यता बरीच वाढते. अमेरिकेने २०१७ मध्ये त्या एका खुणेवरून, कॅन्सर कोणत्या अवयवाचा आहे हे न बघता, पेम्ब्रोलिझुमॅबला परवानगी दिली. आपल्याकडच्या तंबाखूच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मात्र ही खूण क्वचितच सापडते.

पीडी-एल१ ची तपासणीही पक्की नाही. आकडा जास्त असून औषध न लागू पडलेले रुग्ण असतात आणि आकडा कमी असून लागू पडलेलेही असतात. गाठीच्या एका कोपऱ्यातला तुकडा सगळ्या गाठीची हकिगत सांगत नाही. आणि तुकडा पुन्हा पुन्हा काढता येत नाही. रक्त मात्र दर महिन्याला काढता येतं. म्हणून सगळ्यांची नजर रक्ताकडे वळली आहे.

दोन-तीनशे रुपयांच्या रिपोर्टातलं गणित

तुमच्या घरात कुणाचाही सीबीसीचा कागद पडलेला असेल तर तो हातात घ्या. हिमोग्लोबिन आणि एकूण पांढऱ्या पेशी यांच्या खाली पांढऱ्या पेशींची वाटणी दिलेली असते. त्यात न्यूट्रोफिल इतके टक्के, लिम्फोसाइट इतके टक्के असं लिहिलेलं असतं. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. न्यूट्रोफिल ६० आणि लिम्फोसाइट ३० असेल तर उत्तर २. न्यूट्रोफिल ७८ आणि लिम्फोसाइट १३ असेल तर उत्तर ६. या उत्तराला डॉक्टर एनएलआर म्हणतात. निरोगी माणसात ते साधारण एक ते तीनच्या मधे असतं.

याचा इम्युनोथेरपीशी संबंध काय? न्यूट्रोफिल या पेशी शरीरात कुठे आग लागली, सूज आली, जंतू शिरले की वाढतात. लिम्फोसाइट म्हणजे आपला तोच राखणदार, ज्याचा लगाम हे औषध सोडवतं. आग जास्त आणि राखणदार थोडे, असं चित्र असेल तर औषधाला काम करायला माणसंच कमी. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयातल्या १,७१४ रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एनएलआर जास्त असलेल्यांना इम्युनोथेरपीचा फायदा कमी झाल्याचं त्यात दिसलं. असे अभ्यास आणखीही बरेच आहेत आणि दिशा बहुतेकांची एकच आहे.

दुसरा आकडा एलडीएच. पेशी मरतात, फुटतात किंवा प्राणवायूवाचून धडपडतात तेव्हा हा पदार्थ रक्तात उतरतो. गाठ मोठी आणि झपाट्याने वाढणारी असेल तर तो चढतो. तिसरा अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन. ते घसरलं की शरीर खचत चाललंय असं समजतात.

हे सगळे सुटे आकडे एकत्र करून कॉम्प्युटरला शिकवण्याचं काम जानेवारी २०२५ मध्ये नेचर मेडिसिन या नियतकालिकात आलं. स्लोन केटरिंग आणि माउंट सिनाय या न्यूयॉर्कच्या दोन संस्थांनी मिळून ते केलं. त्यांनी त्याला स्कॉर्पियो असं नाव दिलं आहे. नाव विंचवाचं असलं तरी काम विष उतरवण्याचं आहे! त्यात कोणतीही महाग जनुकीय तपासणी नाही. नेहमीचं सीबीसी, यकृत-मूत्रपिंडाच्या नेहमीच्या तपासण्या आणि रुग्णाची साधी माहिती, बस. १,६२८ रुग्णांच्या माहितीवर त्याला शिकवलं. पुढे वेगवेगळ्या गटांवर तपासून पाहिलं. सगळे मिळून ९,७४५ रुग्ण आणि २१ प्रकारचे कॅन्सर. अंदाज बांधण्यात ते पीडी-एल१ च्या तपासणीपेक्षा सरस ठरलं.

ही बातमी वाचून आनंद झाला, खोटं कशाला सांगू. लाखाची तपासणी नको, तालुक्याच्या ठिकाणी होणारी रक्ततपासणी पुरेल, अशी वाट कुणीतरी शोधतंय हे आपल्या कामाचंच आहे. पण लगेच दुसरा विचार मनात आला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

रक्तात कॅन्सर दिसतोय की उपास?

ज्या आकड्यांवरून औषध लागू पडणार नाही असा अंदाज बांधतात ते कोणते, पुन्हा बघा. हिमोग्लोबिन कमी, अल्ब्युमिन कमी, न्यूट्रोफिल जास्त. आता आपल्या वस्तीतली पन्नाशीची बाई डोळ्यांसमोर आणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आहे. म्हणजे हिचं हिमोग्लोबिन कॅन्सरच्या आधीपासूनच उतरलेलं. मिसरीने गालाच्या आत जखम झाली, तोंड उघडेना, भाकरी चावेना, दोन महिने चहा आणि पातळ वरणावर काढले, म्हणून अल्ब्युमिन घसरलं. किडलेल्या दाढेत पू झालाय, म्हणून न्यूट्रोफिल चढले. या बाईचा कागद कॉम्प्युटरला दाखवला तर तो काय म्हणेल? औषध लागू पडण्याची आशा कमी, असंच म्हणेल. पण त्या कागदावर कॅन्सर किती आणि गरिबी किती, हे त्याला कसं कळावं?

न्यूयॉर्कच्या रुग्णात अल्ब्युमिन घसरलं तर बहुतेक वेळा ते आजाराने घसरलेलं असतं. आपल्याकडे ते ताटामुळेही घसरतं. म्हणून तिकडे शिकलेलं गणित इकडे आणताना इकडच्या रुग्णांवर ते नव्याने तपासायला हवं, हा आग्रह आपण धरला पाहिजे. आज ते सरकारी योजनेच्या मंजुरीच्या खिडकीवर नाही. पण असं साधन स्वस्त असतं, झटपट असतं, आणि खर्च नाकारायला सोयीचं असतं. उद्या कुणी आकडा दाखवून "या रुग्णावर पैसे घालवण्यात अर्थ नाही" म्हणालं, तर सगळ्यात आधी नाव कुणाचं कापलं जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

इथे एक बारीक फरक लक्षात ठेवावा लागेल. डॉक्टर लोकांतही त्याची गल्लत होते. एखादी खूण "हा रुग्ण फार दिवस काढणार नाही" असं सांगते. दुसरी खूण "याला हे औषध लागू पडेल आणि ते लागू पडणार नाही" असं सांगते. या दोन गोष्टी एक नव्हेत. विहीर आटली असेल तर शेतात काहीही पेरलं तरी पीक कमीच येणार. पण आटलेली विहीर बघून तूर पेरावी की कापूस लावावा, हे ठरत नाही. एनएलआर, एलडीएच, अल्ब्युमिन या खुणा बऱ्याच अंशी विहिरीचं पाणी सांगणाऱ्या आहेत. एनएलआर वाढलेल्या रुग्णाला किमोचा फायदाही कमीच होतो. तेव्हा केवळ त्या आकड्यावरून इम्युनोथेरपी नाकारणं तर्काला धरून नाही. घरी बसून भागाकार करायला मी वर शिकवलं ते रिपोर्ट समजावा म्हणून. उत्तर सहा आलं म्हणून कुणी परतीचं तिकीट काढायचं नाही.

आकडा बिघडवणाऱ्या गोष्टी

काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत आणि त्या सांगायला कुणाला वेळ नसतो.

पहिली म्हणजे गावातल्या डॉक्टरची सुई. अंग दुखतं, तोंड सुजलं, खाणं जात नाही, म्हणून जी "ताकदीची" सुई मिळते तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल चढतात आणि लिम्फोसाइट उतरतात, म्हणजे रिपोर्ट बिघडतो. तेवढ्यावर भागत नाही. इम्युनोथेरपी सुरू करताना अंगात स्टेरॉइड असेल तर औषधाचा गुण कमी येतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, कारण ज्या राखणदाराला आपण मोकळं करणार त्यालाच स्टेरॉइड झोपवतं. अँटिबायोटिकच्या गोळ्यांबद्दलही असेच निष्कर्ष निघाले आहेत. आतड्यातले चांगले जंतू मेले की औषधाचा परिणाम मंदावतो, असं २०१८ पासूनचे अभ्यास सांगतात. याचा अर्थ जंतुसंसर्ग झाला तरी गोळ्या घेऊ नका असा नाही. दम्यासाठी किंवा मेंदूच्या सुजेसाठी चालू असलेलं स्टेरॉइड मनाने बंद करणं तर जिवावर बेतेल. अर्थ एवढाच की गेल्या महिन्या-दीड महिन्यात कुठली सुई, कुठली गोळी घेतली ते कॅन्सरच्या डॉक्टरला लपवू नका. चिठ्ठी नसेल तर रिकामं पाकीट न्या.

दुसरी गोष्ट एलडीएचची. रक्त काढताना घाई झाली, नळी जोरात हलली, मोटरसायकलच्या डिकीत उन्हात तीन तास फिरली, तर नळीतल्याच तांबड्या पेशी फुटतात आणि एलडीएच फुकट चढतो. एकच आकडा फार वर आला तर नमुना पुन्हा द्यावा का, हे विचारायला संकोच करू नका.

तिसरी गोष्ट खाण्याची. तोंडाने जात नसेल तर नाकातून नळी घालून पोट भरता येतं. ती नळी बघून घरची माणसं घाबरतात, "आता संपलं" म्हणतात. तसं काही नसतं. नळीतून दूध, डाळीचं पाणी, अंडं, शेंगदाण्याचं कूट घातलेली पातळ पेज, हे सगळं कसं द्यायचं ते रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाई शिकवतात. वजन सावरलं तर कोणताही उपचार पेलायला बळ येतं. टीबी असेल तर तो शोधणं, दाढेचा पू काढणं, रक्त वाढवणं ही कामंही त्यातलीच.

रक्तातले कॅन्सरचे तुकडे

वरच्या तपासण्या जुन्याच, त्यांचा अर्थ नवा. एक तपासणी खरोखरच नवी आहे. कॅन्सरच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सांडतात. ते मोजता येतात. इम्युनोथेरपीचे एक-दोन डोस झाल्यावर हे तुकडे घटले तर औषध लागू पडतंय, वाढले तर नाही, असं स्कॅनमध्ये दिसण्याच्या आधी कळू शकतं. म्हणजे औषध सुरू करण्याआधी नव्हे, पण निदान दोन डोसांनंतर तरी पुढचा खर्च करायचा की थांबायचं याचा अंदाज येतो. उचल घेऊन औषध आणणाऱ्या घराला याची किंमत सांगायला नको. पण ही तपासणी आज महाग आहे आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी रोजच्या वापरात आलेली नाही. कुणी एजंट फोनवर "एका थेंबात सगळं कळेल" म्हणून पंधरा-वीस हजार मागत असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरला विचारा की या तपासणीचं उत्तर काहीही आलं तरी माझ्या औषधात काय बदल होणार आहे? काहीच बदल होणार नसेल तर तो पैसा खाण्यापिण्यावर घाला.

परळमध्ये शोधलेली वाट

लागू कुणाला पडेल हे कळत नसेल तर एक दुसरा मार्ग उरतो. औषधच इतकं स्वस्त करायचं की आधी कळण्याची गरज कमी व्हावी. हा मार्ग टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी चालून दाखवला, आणि मला वाटतं या सगळ्या लेखात वस्तीतल्या घराने लक्षात ठेवण्यासारखी हीच गोष्ट आहे.

त्यांनी सरळ लिहिलं की तोंड-घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरसाठी मान्यता मिळालेले उपचार आपल्यासारख्या देशांत खर्चामुळे शंभरातल्या जेमतेम एक ते तीन जणांनाच मिळू शकतात. मग प्रश्न असा की पूर्ण डोस कशाला हवा? राखणदाराचा लगाम सोडायला थोडंसं औषध पुरत असेल तर? निवोलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिलं. सहा आठवड्यांचा हिशोब केला तर ७२० च्या जागी ४०, म्हणजे अठरावा हिस्सा. सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या गोळ्या.

१५१ रुग्ण घेतले. निम्म्यांना फक्त गोळ्या, निम्म्यांना गोळ्या आणि हा छोटा डोस. फक्त गोळ्या घेणाऱ्यांत वर्षानंतर शंभरात १६ जण जिवंत होते. छोटा डोस मिळालेल्यांत ४३. निम्मे रुग्ण किती काळ जगले ते पाहिलं तर ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेलं. गंभीर त्रास होण्याचं प्रमाण वाढलं नाही. हे निष्कर्ष २०२३ मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या अमेरिकी नियतकालिकात छापून आले.

साडेतीन महिने वाढले, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. हा आजार परतलेला, पसरलेला, बरा न होणारा होता. त्या काळात कुणी मुलीचं लग्न बघतं, कुणी जमिनीचा फेरफार करून घेतं. आणि वर्षानंतर १६ च्या जागी ४३ माणसं घरात बसलेली असणं ही लहान गोष्ट नाही. पण हा उपचार पूर्ण डोसाशी समोरासमोर ताडून पाहिलेला नव्हता, तो फक्त गोळ्यांशी ताडला होता, हेही लक्षात असू द्या. डोस ठरवणं डॉक्टरचं काम आहे. तुमचं काम विचारण्याचं: "आम्हाला पूर्ण डोस झेपत नाही, टाटावाल्यांचा कमी डोस आमच्या रुग्णाला चालेल का?" हे वाक्य कॅन्सरच्या डॉक्टरला नवं नाही. ते ऐकून त्यांनाही बोलायला सोपं जातं.

जांबहून जायचं कसं

दर वेळी मुंबई गाठायची गरज नसते. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे आणि टाटा मेमोरियलशी त्याचं सहकार्य आहे. आधी तिथे जा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कोणता उपचार बसतो आणि कोणता बसत नाही ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला नाव घेऊन विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या मोफत आहेत. म्हणजे सीबीसीसाठी ग्रामीण रुग्णालय सोडून खासगी लॅबमध्ये जायचं कारण नाही.

मुंबईला जावंच लागलं तर रेल्वेचा सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्या. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट असते. परतूर किंवा जालना स्टेशनवरून बसण्याआधी हे काम उरकलेलं बरं. दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आसरा देते. जागेसाठी टाटाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात आधी चौकशी करा.

तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, गालात पांढरा किंवा लाल चट्टा आला, तोंडात तीन बोटं उभी जाईनाशी झाली, तर यातल्या कशाचीच वाट बघायची नाही. त्या टप्प्यावर ऑपरेशनने काम होतं आणि इम्युनोथेरपीचा प्रश्नच सहसा येत नाही. पौर्णिमेला विहारात माणसं जमतात तेव्हा एखाद्या नर्सताईला किंवा आशाताईला बोलावून टॉर्चच्या उजेडात सगळ्यांची तोंडं बघून घेतली तर तासाभराचं काम आहे. मिसरी लावणाऱ्या बायकांची आधी, कारण त्या स्वतःहून सांगत नाहीत.

फाइल घेऊन जाताना रक्ताचे सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. एकच सीबीसी फारसं बोलत नाही. तीन महिन्यांतले चार कागद शेजारी ठेवले की आकडा चढतोय की उतरतोय ते डॉक्टरला एका नजरेत दिसतं. आणि एक गोष्ट बहुतेक घरं विसरतात. बायोप्सी जिथे झाली त्या लॅबमध्ये तुमच्या रुग्णाच्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. त्याला ब्लॉक म्हणतात. पीडी-एल१ ची तपासणी त्याच ब्लॉकवर होते. तो हाताशी असेल तर पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. निघायच्या आधी लॅबला अर्ज देऊन ब्लॉक आणि काचा मागून घ्या. त्यावरचा नंबर रिपोर्टातल्या नंबराशी जुळतो का ते तिथेच काउंटरवर उभं राहून बघा, मग पिशवीत ठेवा. मेण वितळतं, तेव्हा ती पिशवी एसटीच्या उन्हाच्या खिडकीत ठेवू नका.